वर्गातला उजेड आणि लहान मुलांचा मायनस नंबर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिली-दुसरीतल्या मुलांना चष्मा लागू लागला की शाळेत आणि घरात ठरलेले प्रश्न पुढे येतात. ट्यूब वाढवायच्या का, कुठल्या घ्यायच्या, फळा बदलायचा का, डोळ्यांसाठी म्हणून विकले जाणारे दिवे आणायचे का? ही माहिती बालवाडी ते चौथीच्या शिक्षकांसाठी, मुख्याध्यापकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीतल्या सदस्यांसाठी आणि पालकांसाठी आहे.

वर्गात उजेड कमी असला म्हणून मुलाला चष्मा लागतो का?

एखाद्या दिवशी अंधुक उजेडात वाचलं म्हणून डोळे बिघडत नाहीत. डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, मूल वही नाकाशी नेतं. विश्रांती मिळाली की हे सगळं उतरतं. मात्र मूल रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंभर-दोनशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेडात राहिलं आणि भरपूर उजेड त्याच्या वाट्याला आलाच नाही, तर मायनस नंबर लागण्याची शक्यता वाढते. म्हणजे वर्ग अंधारा असणं ही एक अडचण आणि मूल दिवसभर वर्गातच असणं ही दुसरी. पहिली ट्यूबने सुटते. दुसरी ट्यूबने सुटत नाही, तिला मैदानच लागतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की शाळेचा पैसा चुकीच्या जागी जातो.

मायनस नंबर म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं?

जन्मतः बाळाचं बुबुळ-ते-पडदा हे अंतर साधारण १७ मिलिमीटर असतं, मोठ्या माणसात ते २३ ते २४ मिलिमीटर होतं. लहान मुलाचा डोळा थोडा आखूड असतो, म्हणून त्याला किंचित प्लस नंबर असणं स्वाभाविक आहे. वाढत्या वयात डोळा हळूहळू लांबतो आणि हा प्लस संपत जातो. लांबणं जिथे थांबायला हवं तिथे थांबलं नाही, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि फळा धूसर दिसतो. हीच निकटदृष्टिता, म्हणजे मायोपिया. डोळा एक मिलिमीटर जास्त लांबला की नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो.

लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी नंबर लागलेल्या मुलाच्या पुढे तो वाढायला आठ-दहा वर्षं असतात; चौदाव्या वर्षी लागला तर तेवढी नसतात. उणे सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यात पडदा सुटणं, पडद्याचा मध्यभाग झिजणं आणि काचबिंदू यांचा धोका बराच वाढतो. म्हणून नंबर लागणं दोन-तीन वर्षांनी पुढे ढकललं गेलं तरी ती मोठी कमाई आहे.

उजेडाचा आणि डोळ्याच्या लांबीचा काय संबंध?

प्रखर उजेड पडद्यावर पडला की तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन जास्त सोडतात आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं आजचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण आहे. कोंबडीच्या पिल्लांवर आणि माकडांवर केलेल्या प्रयोगांत १५ ते २५ हजार लक्सच्या उजेडात वाढलेल्या डोळ्यांत प्रयोगाने आणलेला मायोपिया कमी झाला. बाहेर नजर लांबवर जाते, हेही कारण असू शकतं. उजेडाचा पुरावा मात्र जास्त भक्कम आहे.

मुलांमधले पुरावेही आहेत. सिडनी आणि सिंगापूर इथल्या सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिडनीत ३.३ टक्के मुलांना मायोपिया होता, सिंगापुरात २९.१ टक्के. सिडनीतली मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरमधली जेमतेम तीन तास. सिडनीतली मुलं वाचत कमी होती असंही नव्हतं. चीनमधल्या ग्वांगझाऊ शहरात बारा शाळांपैकी सहा शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीचा मैदानी तास दिला. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हा निकाल २०१५ चा. आणि टाळेबंदीच्या वर्षाने उलटा प्रयोग आपोआप करून दाखवला: चीनच्या शानडाँग प्रांतातल्या फेचंग शहरात २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांमधलं मायोपियाचं प्रमाण कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. २०२० मध्ये ते २१.५ टक्के निघालं.

हे चीन-सिंगापूरचं झालं. भारतात काय?

भारतात प्रमाण अजून त्या मानाने कमी आहे, पण चढतंय. शहरी भागातल्या ५ ते १५ वयोगटाचा आढावा घेतला तर १९९९ मध्ये ४.४४ टक्के असलेलं प्रमाण २०१९ मध्ये २१.१५ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. दिल्लीतल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात आठवड्याला १४ तासांहून जास्त वेळ बाहेर असणाऱ्या मुलांना संरक्षण मिळताना आढळलं. म्हणजे रोजचे दोन तास. ऊन आपल्याकडे भरपूर आहे, मुलांच्या वाट्याला ते येत नाही इतकंच.

लक्स म्हणजे काय? आकडे डोळ्यांसमोर कसे आणायचे?

एका चौरस मीटरवर किती प्रकाश पडतो याचं माप म्हणजे लक्स. रात्री एका ट्यूबखालची खोली ५० ते १५० लक्स. साधा वर्ग १०० ते ३००. शाळेचा उघडा व्हरांडा हजार ते पाच हजार. वडा-पिंपळाच्या सावलीत पाच ते वीस हजार. उघड्या मैदानात भर उन्हात एक लाखाच्या आसपास.

बाहेरून वर्गात आल्यावर इतका फरक जाणवत नाही. बाहुली मोठी होते, पडदा जुळवून घेतो आणि मिनिटभरात सगळं ठीक वाटू लागतं. त्यामुळे "आमच्या वर्गात चांगला उजेड आहे" हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. मोजावंच लागतं.

वर्गात किती लक्स हवेत?

मुलाच्या वहीवर किमान ३०० लक्स, फळ्यावर ५००. चीनचं २०१० चं शालेय प्रकाशमानक नेमकं हेच सांगतं आणि भारतीय मानकातला वर्गासाठीचा मधला आकडाही ३०० च आहे. बहुतेकांचं लक्ष जात नाही ते समानतेकडे: सर्वांत कमी उजेडाच्या जागेचा आकडा भागिले सरासरी. मेजांवर हे गुणोत्तर ०.७ च्या खाली आणि फळ्यावर ०.८ च्या खाली जाऊ नये.

समजा खिडकीजवळच्या बाकावर ९०० लक्स आहेत, मधल्या ओळीत १८०, भिंतीकडच्या ओळीत ६०. सरासरी ३८०. कागदावर वर्ग पास झाला. प्रत्यक्षात भिंतीकडची मुलं वर्षभर अंधारात बसतात. समानता काढली तर ६० भागिले ३८० म्हणजे ०.१६.

मोजायचं कसं?

साधा हातातला लक्समीटर हजार-दोन हजार रुपयांत मिळतो. केंद्रातल्या दहा-बारा शाळांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. मोबाइलवरची ॲप एका फोनवर २०० दाखवतात, दुसऱ्यावर ३५०. कुठली ओळ उजेडाची आणि कुठली अंधाराची एवढं कळायला ती चालतील, मानकाशी ताडायला नाही.

मीटर मुलाच्या वहीच्या उंचीवर आडवा ठेवायचा. बाक असतील तर बाकावर. मुलं सतरंजीवर बसत असतील तर मांडीवरच्या पाटीच्या उंचीवर, जमिनीपासून वीतभर. इथेच हमखास चूक होते: मोजणारा उभा राहून छातीपाशी मीटर धरतो आणि आकडा फुगतो. भिंतीपासून अर्धा मीटर सोडून खोलीचे तीन बाय तीन असे नऊ भाग पाडा आणि प्रत्येक भागाच्या मध्यावर नोंद घ्या. स्वतःची सावली मीटरवर पडू देऊ नका. तारेचा वेगळा सेन्सर असेल तर तो ठेवून मागे सरका. फळ्यावर मीटर उभा, फळ्याला टेकवून धरायचा, सेन्सर मुलांच्या दिशेला. चार कोपरे आणि मध्य अशा पाच नोंदी पुरतात.

हे दोनदा करायचं. एकदा दुपारी, दिवे बंद ठेवून, म्हणजे खिडक्यांचं काम कळतं. एकदा अंधार पडल्यावर, सगळे दिवे लावून, म्हणजे ट्यूबचं काम कळतं. जुन्या काचेच्या ट्यूब असतील तर लावल्यावर दहा मिनिटं थांबा. जुलैतल्या काळोख्या दुपारी मुलांना जो उजेड मिळतो, तो या दुसऱ्या मोजणीच्या जवळ जाणारा असतो.

आमच्या वर्गाला किती ट्यूब लागतील?

ट्यूबच्या खोक्यावर वॅट मोठ्या अक्षरात असतात, पण पाहायचे ते ल्युमेन, म्हणजे ट्यूब एकूण किती प्रकाश देते याचं माप. चार फुटी २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २,००० ल्युमेन देते. त्यातला सगळा प्रकाश वहीवर पोचत नाही. काही भिंती-छत पितात, काही धूळ खाते, काही ट्यूब जुनी होताना कमी होतो. पांढरं छत आणि फिक्या भिंती असल्या तर निम्मा पोचतो असं धरा. भिंती गडद असतील तर एक तृतीयांशच.

२० बाय २० फुटांची खोली म्हणजे ३७ चौरस मीटर. ३७ गुणिले ३०० म्हणजे ११,१०० ल्युमेन वहीवर हवेत. निम्माच पोचतो म्हणून दुप्पट, २२,२००. भागिले २,००० केलं की ११ ते १२ ट्यूब. आता आपल्या खोलीतल्या ट्यूब मोजा. दोन असतील तर काळोख्या दिवशी मुलं जेमतेम ५० लक्समध्ये लिहीत आहेत. बारा ट्यूब म्हणजे २४० वॅट. रोज पाच तास लावल्या तरी सव्वा युनिटच्या आत.

बसवताना कुठे चुकतं?

पहिली चूक पंख्याची. ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर असली की वहीवर सावली सतत फडफडते. मुलं तक्रार करत नाहीत, पण पंधरा मिनिटांत कंटाळतात. ट्यूब पात्यांच्या पातळीखाली आणि पंख्यांच्या मधल्या जागेत लटकवा. बाकापासून किमान १.७ मीटर उंची राहू द्या, नाहीतर ट्यूब डोळ्यांत खुपते.

दुसरी चूक दिशेची. ट्यूबची लांबी फळ्याला समांतर असली तर मुलांना समोर पाहताना प्रत्येक ट्यूबचा पूर्ण उजळ पट्टा दिसतो. ती फळ्याला काटकोनात, म्हणजे मुलांच्या नजरेच्या रेषेत लावली की फक्त टोक दिसतं.

तिसरी चूक बटणांची. सगळ्या ट्यूब एका बटणावर असल्या की खिडकीकडे उजेड आहे म्हणून शिक्षक सगळ्याच बंद करतात आणि भिंतीकडची ओळ अंधारात जाते. वायरिंग खिडकीला समांतर ओळींप्रमाणे वेगळं करून घ्या. वायरमनला हे काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं. नंतर भिंत फोडायला कुणी तयार होत नाही.

फळ्यासाठी वेगळी ट्यूब हवी. फळ्याच्या पुढे पाऊण ते एक मीटरवर, वर झाकण असलेली, प्रकाश फळ्याकडे वळवणारी. झाकण नसेल तर तीच ट्यूब मुलांच्या डोळ्यांवर येते.

पैसे नाहीत. फुकटात काय होईल?

बरंच काही. आधी खिडक्या पुसा, आतून आणि बाहेरूनही, जाळीसकट. खिडकीला टेकून ठेवलेलं कपाट हलवा. बोलक्या भिंती हा आपल्या शाळांमधला सुंदर उपक्रम आहे, पण तक्ते काचेवर चिकटवले की भिंत बोलते आणि खिडकी मुकी होते. तक्ते भिंतीवरच लावा. छताला पांढरा चुना द्या. खालच्या निम्म्या भिंतीला मळखाऊ म्हणून गडद निळा किंवा तपकिरी ऑइलपेंट देण्याची पद्धत आहे. तो पट्टा फिका क्रीम केला तर त्याच ट्यूबमधून वहीवर जास्त उजेड येतो. खिडकीवर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटा, झाड तोडू नका, त्याची सावली पुढे लागणार आहे.

खिडकीतून येणारा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीचपट अंतरापर्यंतच उपयोगाचा राहतो. खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल तर साधारण पंधरा फुटांपुढे काळोख सुरू. म्हणून दर आठवड्याला ओळी बदला. बाक असे ठेवा की मुख्य खिडक्या मुलांच्या डावीकडे येतील. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली मग अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्या मुलाला उजवीकडून उजेड मिळेल अशी जागा द्या.

पत्र्याचं छप्पर असेल तर एक-दोन पत्र्यांच्या जागी दुधी फायबरचा पत्रा बसवता येतो. पारदर्शक नको. उन्हाची तिरीप थेट वहीवर पडली की मूल डोळे मिचकावतं, आणि खोली तापते.

डिजिटल वर्गात पडदे ओढावे लागतात. मग?

आज नव्या, चांगल्या बांधलेल्या वर्गांमधला अंधार बहुतेक वेळा इथून येतो. ३०० लक्सचा वर्ग प्रोजेक्टरसाठी ३० वर येतो आणि तास संपल्यावर पडदे तसेच राहतात. प्रोजेक्टर असेल तर चित्र जिथे पडतं फक्त त्यासमोरची ट्यूब बंद करा, मागच्या ओळी चालू ठेवा. चित्र फिकं दिसत असेल तर प्रोजेक्टरची काजळलेली जाळी आणि भिंग साफ करा. मोठ्या टीव्हीसारखा पॅनेल असेल तर वर्ग अंधारा करायची गरजच नसते. चकाकी येत असेल ती एका खिडकीची असते. ती एकच खिडकी झाका. तास संपला की पडदे उघडण्याचं काम वर्गप्रमुखाला नेमून द्या.

पांढरी ट्यूब की पिवळी? डोळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या दिव्यांचं काय?

४,००० ते ५,००० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) तटस्थ पांढरा प्रकाश वर्गाला बरा. ६,५०० चा निळसर पांढराही चालतो. रंग बदलल्याने नंबर थांबतो असा भरवशाचा पुरावा नाही, तेव्हा त्यासाठी दुप्पट किंमत मोजू नका. रंग नीट ओळखू यावेत यासाठी खोक्यावर सीआरआय ८० किंवा जास्त आहे का ते पाहा.

लुकलुक मात्र तपासा. स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे आतला वीज नियंत्रित करणारा भाग, हलका असला की प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना दिसत नाही, पण काही मुलांचं डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा ट्यूबकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे ठळक सरकताना दिसले तर ती ट्यूब परत करा. खरेदी एकदम डझनाने करू नका, आधी एक आणून पाहा.

वर्गातच उजेड खूप वाढवला तर मैदानाची गरज उरणार नाही ना?

ईशान्य चीनमधल्या चार शाळांत असा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत बाकावरचा उजेड सुमारे १०० लक्सवरून ५५० लक्सच्या आसपास नेला. वर्षभरात तिथे ४ टक्के मुलांना नव्याने मायोपिया झाला, जुन्या दिव्यांच्या शाळांत १० टक्के. निकाल आशादायक आहे आणि अंधाऱ्या वर्गात ट्यूब वाढवायला तेवढं कारण पुरे. पण मुलं ३१७ च होती आणि काळ एक वर्षाचा, म्हणून यावरून मैदान सोडून देणं चूक ठरेल.

शिवाय हिशेब करा. वरच्याच खोलीत हजार लक्स हवे असतील तर चाळीस ट्यूब. दहा हजार हवे असतील तर चारशे. बाहेर पिंपळाखाली तेवढा उजेड फुकट पडलेला असतो. दक्षिण चीनमध्ये प्रकाश पसरवणाऱ्या काचेच्या भिंतींचा आणि छताचा वर्ग बांधून पाहिला गेला. उजेड भरपूर मिळाला, पण उन्हाळ्यात उष्णतेचा प्रश्न उभा राहिला. चंद्रपूर-जळगावकडे अशी खोली मे महिन्यात कशी तापेल ते सांगायला नको.

बाहेर किती वेळ, आणि तो वेळापत्रकात कुठून काढायचा?

घर आणि शाळा मिळून रोज दोन तास. तैवानने २०१० मध्ये रोज १२० मिनिटं बाहेर हा शाळांचा कार्यक्रम केला. त्याआधी काओशुंग शहराच्या परिसरातल्या एका शाळेने साधी गोष्ट केली होती: सुट्टीची घंटा झाली की वर्ग रिकामा. वर्षभरात तिथे ८.४ टक्के मुलांना नवा मायोपिया झाला, शेजारच्या शाळेत १७.६ टक्के. तैवानमध्येच पुढे मुलांच्या अंगावर प्रकाशमापक लावून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की भर ऊन लागत नाही. हजार लक्सच्या वरचा उजेड शाळेच्या आठवड्यात २०० मिनिटं मिळाला तरी फरक पडतो. आपल्यासाठी यातलं हेच सर्वांत मोलाचं, कारण झाडाची सावली आणि उघडा व्हरांडा दोन्ही यात बसतात.

परिपाठ मैदानात, झाडाखाली घ्या: वीस मिनिटं. शालेय पोषण आहार वर्गात न वाढता व्हरांड्यात वाढा: आणखी वीस-पंचवीस. मधल्या सुट्टीत वर्गाला कडी लावा. पाढे, कविता, गोष्ट, परिसर अभ्यास यांतला एक तास रोज बाहेर. खेळाचा तास गणिताला देऊ नका. एवढ्यात शाळेतच तास-सव्वा तास निघतो.

विदर्भ-मराठवाड्यात मार्चपासून अकरा ते चार मुलांना उन्हात काढू नका. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरही बाहेर काही हजार लक्स असतात, सूर्य मावळायला लागेपर्यंत. टोपी घातली तरी चालतं. सूर्याकडे पाहायचं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

मुंबई-पुण्यातल्या दोन पाळ्यांच्या शाळांत गणित वेगळं. दुपारच्या पाळीचं मूल डिसेंबरात घरी येतं तेव्हा सूर्य मावळलेला असतो, म्हणून त्याचा वेळ सकाळी. सकाळच्या पाळीच्या मुलाची संध्याकाळ शिकवणीने खाऊ नये. सोसायटीचं आवार, गच्ची, देवळाचं पटांगण, कुठलीही उघडी जागा चालेल.

पावसाळ्यात काय करायचं?

ढगाळ दुपारीही बाहेर काही हजार लक्स असतात. फार काळोखी असेल तर हजारावर येतात. म्हणजे व्हरांड्याच्या कडेला बसलेल्या मुलाला वर्गापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. कोकणात जिथे दोन-दोन आठवडे उघडीप नसते, तिथे व्हरांड्यातला तास हाच उपाय. पागोळ्यांपासून हातभर आत सतरंजी घाला. वर्गातल्या सगळ्या ट्यूब या चार महिन्यांत दिवसा लावा, विजेची काटकसर इथे करू नका.

घरी अभ्यासाच्या मेजाजवळ कसा दिवा हवा?

खोलीतली ट्यूब चालू ठेवून वर मेजावरचा दिवा. एकट्या दिव्याने मेज उजळ आणि खोली काळी असा विरोध झाला की डोळे दमतात. उजव्या हाताच्या मुलाला दिवा डावीकडे, बल्ब डोळ्यांना न दिसणारा. वही डोळ्यांपासून कोपर ते मूठ एवढ्या अंतरावर, साधारण ३३ सेंटिमीटर. अर्ध्या तासाने उठवून दोन-चार मिनिटं खिडकीबाहेर पाहायला लावा.

रात्री दिवा लावून झोपवल्याने नंबर लागतो, ही समजूत १९९९ मधल्या एका अभ्यासातून पसरली. पुढच्याच वर्षी दोन गटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा संबंध आढळला नाही. चष्मा असलेले आईवडील रात्री दिवा जास्त ठेवतात आणि त्यांच्या मुलांना नंबर लागण्याची शक्यता मुळात जास्त असते, हे त्यामागचं कारण दिसतं. गाजराचंही तसंच: अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ते हवंच, पण त्याने मायनस नंबर लागायचा थांबत नाही.

मुलाला आधीच नंबर असेल तर उजेडाने उतरेल का?

उतरणार नाही. बाहेर खेळण्याचा जोर नंबर *लागण्याआधी* जास्त चालतो. लागल्यावर तो वाढायचा वेग कमी होतो याचे पुरावे कमकुवत आहेत. तरीही बाहेर पाठवा, आणि पूर्ण नंबरचा चष्मा दिवसभर वापरू द्या. मुद्दाम कमी नंबर दिला की डोळा सुधारतो हा समज उलटा आहे. मलेशियातल्या २००२ च्या प्रयोगात कमी नंबर दिलेल्या मुलांचा मायोपिया जास्त वाढला. कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब आणि खास बनावटीच्या काचा हे उपाय आहेत, ते नेत्रतज्ज्ञ ठरवतील. लाल प्रकाशात डोळा धरायची यंत्रं ऑनलाइन दिसतात. अशा उपचारानंतर पडद्याला इजा झाल्याची नोंद आहे, घरी अजिबात वापरू नका.

शाळेत कुणाकडे लक्ष द्यायचं, आणि तपासणी कशी?

डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणारं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारं, फळ्याजवळ जाऊन उभं राहणारं मूल. आईवडील दोघांना मायनस असेल तर ते मूल आधी. प्राथमिक तपासणीला सहा मीटरवर, डोळ्यांच्या उंचीवर तक्ता लावा, अक्षर न येणाऱ्या मुलांसाठी ई अक्षराचा. एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, कारण मुलं फटीतून पाहतात. तक्त्यावर ५०० लक्स असू द्या. अंधाऱ्या व्हरांड्यात केलेल्या तपासणीत चांगली नजर असलेली मुलंही नापास होतात आणि पालक विनाकारण घाबरतात. खटकलेलं मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे किंवा नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.

लहान मुलाचा नंबर बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच काढायला हवा. थेंबांशिवाय मूल डोळ्याचा स्नायू आवळतं आणि नसलेला मायनस दिसतो. सहाव्या वर्षी थेंब घालून नंबर प्लस ०.७५ किंवा त्याहून कमी निघाला, तर आज चष्मा लागणार नाही, पण पुढे मायनस लागण्याचा धोका जास्त आहे. अशा मुलाला दर सहा महिन्यांनी दाखवा आणि त्याचे मैदानाचे दोन तास आजपासून पक्के करा.

फळ्यावरची अक्षरं केवढी असावीत?

सहा मीटरवर बसलेल्या निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येणारं अक्षर नऊ मिलिमीटरच्या आसपास असतं. जेमतेम वाचता येणं आणि तासभर आरामात वाचणं यांत चौपटीचा फरक धरा, म्हणजे साडेतीन ते चार सेंटिमीटर. मराठीत काना-मात्रा, उकार, अनुस्वार हे अक्षराहून लहान असतात, म्हणून पाच सेंटिमीटर ठेवा. काळा फळा वर्षातून एकदा रंगवा, चकचकीत नाही, मॅट. करड्या पडलेल्या फळ्यावरचा पांढरा खडू ५०० लक्समध्येही नीट दिसत नाही, आणि ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर लिहू नका.